हौशी छायाचित्रकाराची कॅमेराखरेदी : लेन्स आधी, कॅमेरा नंतर

डिजिटल कॅमेऱ्यांची जागतिक बाजारपेठ गेल्या दीड दशकात ज्या वेगाने आक्रसली, त्या वेगाने क्वचितच दुसऱ्या एखाद्या घरगुती उपकरणाची आक्रसली असेल. जपानमधील कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते. २०२३ मध्ये ही संख्या ८० लाखांच्या आत आली. खिशातल्या मोबाइलने लहान कॅमेऱ्याची गरज संपवली, हे त्याचे उघड कारण. त्याचा एक परिणाम मात्र भारतीय ग्राहकाला विशेष जाणवणारा आहे. विक्री घटल्यावर उत्पादकांनी अधिक नफा देणाऱ्या महागड्या कॅमेऱ्यांकडे लक्ष वळवले आणि नवशिक्यांसाठी असलेल्या स्वस्त डीएसएलआर मालिका एकेक करून आटोपत्या घेतल्या. निकॉनची डी३००० मालिका २०१८ च्या डी३५०० या कॅमेऱ्याबरोबर थांबली. पगारातून बचत करून पहिला कॅमेरा घेणाऱ्यांची एक पिढी याच पायरीवरून वर गेली होती. ती पायरी आता उंच झाली असल्याने पहिल्याच खरेदीत निवड चुकली, तर त्याची किंमतही पूर्वीपेक्षा जास्त मोजावी लागते.

भारतात हा छंद नवा नाही. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी १८५३ मध्ये धावली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कार्यात सहभागी असलेल्या आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बडोद्यात तयार होणारा ‘आग्फा क्लिक थ्री’ हा अनेक मध्यमवर्गीय घरांतला पहिला कॅमेरा ठरला. एका रोलवर बारा चौकोनी छायाचित्रे येत, लेन्स बदलण्याची सोय नसे आणि निवड करण्याजोगे फारसे काही नसे. आजच्या ग्राहकासमोरची अडचण नेमकी उलट आहे.

दुकानात बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘कोणता कॅमेरा चांगला’ हा असतो. त्याआधी ‘छायाचित्रे कशाची काढायची आहेत’ हे ठरले पाहिजे, कारण उपकरणांची निवड विषयानुसार पूर्णपणे बदलते. भिगवणच्या जलाशयावर रोहित पक्षी टिपणाऱ्याला लांब पल्ल्याची टेलिफोटो लेन्स लागते. कासच्या पठारावर बोटाच्या पेराएवढ्या फुलांमागे जाणाऱ्याला मॅक्रो लेन्स हवी. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश वापरण्यास मनाई आहे आणि आत उजेड अगदी मंद असतो. तेथे अधिक प्रकाश आत घेणारी लेन्सच उपयोगी पडते. आषाढी वारीत चालता चालता माणसे टिपायची असतील, तर खांद्याला न जाचणारा लहान कॅमेरा आणि एकच लेन्स हे सर्वांत शहाणपणाचे साहित्य. ज्याला केवळ घरच्या समारंभांची आणि सहलींची छायाचित्रे हवी आहेत, त्याने हाती असलेला चांगला मोबाइल आणखी काही वर्षे वापरावा, हा सल्ला विक्रेत्याला रुचणार नाही. पण तो चुकीचा नाही.

मेगापिक्सेलच्या संख्येला जाहिरातींनी दिलेले महत्त्व अवास्तव आहे. २४ मेगापिक्सेलचे छायाचित्र साधारण ६००० बाय ४००० बिंदूंचे असते आणि इंचाला ३०० बिंदू या उत्तम छपाईच्या मापानेही त्याची २० बाय १३ इंचांची प्रत निघते. फोर-के दूरचित्रवाणी संचाचा पडदा तर सव्वाआठ मेगापिक्सेलपेक्षा अधिक काही दाखवूच शकत नाही. ४५ मेगापिक्सेलचा खरा उपयोग मोठी भित्तिचित्रे छापणाऱ्यांना किंवा छायाचित्राचा लहानसा भाग कापून वापरणाऱ्या पक्षिनिरीक्षकांना होतो. इतरांच्या वाट्याला भरलेल्या हार्ड डिस्क येतात.

मेगापिक्सेलपेक्षा सेन्सरचे आकारमान अधिक बोलके असते. ‘फुल फ्रेम’ म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा, ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर. ‘एपीएस-सी’ हा सुमारे २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा (कॅननच्या कॅमेऱ्यांत किंचित लहान), तर ‘मायक्रो फोर थर्ड्स’ १७.३ बाय १३ मिलिमीटरचा. क्षेत्रफळाने फुल फ्रेम हा एपीएस-सीच्या जवळजवळ अडीचपट भरतो. मोठा सेन्सर त्याच वेळेत एकूण अधिक प्रकाश गोळा करतो. त्यामुळे अंधुक उजेडातील छायाचित्रात रवाळपणा कमी येतो आणि पार्श्वभूमी सहज धूसर करता येते. मात्र त्याबरोबर लेन्सचे वजन आणि किंमतही वाढते. डोंगर चढून किल्ल्यावर जाणाऱ्याच्या पाठीवरचे एक किलो ओझे हा कागदावर न दिसणारा, पण पहिल्याच चढावर उमगणारा मुद्दा असतो. प्रथमच कॅमेरा घेणाऱ्या बहुसंख्य हौशी छायाचित्रकारांना एपीएस-सी सेन्सर पुरेसा आहे.

डीएसएलआर की मिररलेस, या वादाचा निकाल नव्या कॅमेऱ्यांपुरता लागला आहे. डीएसएलआरमध्ये लेन्समागे तिरपा आरसा असतो आणि त्यावरून परावर्तित झालेले दृश्य डोळ्याला दिसते. मिररलेसमध्ये आरसा नाही. सेन्सरवर पडणारी प्रतिमाच इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये दिसते. त्यामुळे छायाचित्र उजळ येणार की काळवंडणार हे बटण दाबण्यापूर्वीच कळते. नवे मिररलेस कॅमेरे माणसाचा अथवा पक्ष्याचा डोळा ओळखून तेथे फोकस साधतात आणि चौकटीच्या कडेलाही ते काम करतात. बॅटरी मात्र लवकर संपते. सोनीने २०१३ मध्ये फुल फ्रेम मिररलेस आणला, कॅनन आणि निकॉन २०१८ मध्ये त्या वाटेने गेले, आणि २०२३ पर्यंत मिररलेसची संख्या डीएसएलआरच्या सुमारे चौपट झाली. नवीन कॅमेरा घ्यायचा असल्यास मिररलेसच घ्यावा. याचा अर्थ डीएसएलआर टाकाऊ झाले असा नव्हे. उलट ते वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात आज सर्वांत किफायतशीर झाले आहेत.

खरी दीर्घकालीन बांधिलकी कॅमेऱ्याशी नसून ‘माउंट’शी असते. कॅमेरा आणि लेन्स जेथे जोडले जातात ती धातूची कडी आणि तिच्यातील विद्युत संपर्कबिंदू म्हणजे माउंट. कॅमेऱ्याची बॉडी पाच-सात वर्षांत जुनी वाटू लागते, चांगली लेन्स वीस वर्षे चालते. आणि ती दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर सहसा बसत नाही. म्हणून पहिला कॅमेरा निवडताना ग्राहक नकळत पुढच्या दहा वर्षांच्या लेन्स निवडत असतो. कॅननचा ईएफ माउंट १९८७ मध्ये आला आणि २०१४ पर्यंत त्याच्या दहा कोटी लेन्स तयार झाल्या होत्या. आज जुन्या बाजारात त्यांची रेलचेल आहे आणि अडॅप्टर लावून त्या कॅननच्या नव्या आरएफ माउंटच्या कॅमेऱ्यांवर उत्तम चालतात. त्याच कंपनीने २०१२ मध्ये आणलेला ईएफ-एम माउंट मात्र ११ वर्षांत बंद झाला आणि त्याच्या लेन्स आरएफ कॅमेऱ्यावर बसू शकत नाहीत. निकॉनची ‘वन’ मालिका आणि सॅमसंगची एनएक्स प्रणाली यांचीही हीच गत झाली. अशा बंद पडलेल्या प्रणालीचा कॅमेरा आकर्षक भावात मिळतो तेव्हा त्या भावाचे कारण हेच असते.

सुस्थितीतील माउंटमध्येही बारकावे आहेत. निकॉनच्या जुन्या ‘एएफ-डी’ लेन्समध्ये स्वतःची फोकस मोटर नाही. ती कॅमेऱ्यात असावी लागते. डी३५०० सारख्या प्राथमिक कॅमेऱ्यांत ती नव्हती आणि नव्या झेड कॅमेऱ्यांच्या एफटीझेड अडॅप्टरमध्येही ती नाही. स्वस्तात मिळालेली अशी लेन्स घरी आणल्यावर फोकस हातानेच करावा लागतो. त्रयस्थ कंपन्यांच्या लेन्स किती उपलब्ध आहेत, हेही पाहण्याजोगे आहे. सोनीच्या ई माउंटसाठी सिग्मा आणि टॅमरॉन यांच्या परवडणाऱ्या लेन्स विपुल आहेत. कॅननने आरएफ माउंटच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांसाठी या दोन कंपन्यांना २०२४ मध्ये वाट मोकळी केली. दुकानात कॅमेऱ्यांची तुलना करण्यात तासभर घालवणारा ग्राहक लेन्सच्या यादीवर पाच मिनिटेही देत नाही, ही या खरेदीतील सर्वांत मोठी उणीव म्हणावी लागेल.

लेन्सवर दोन आकडे महत्त्वाचे असतात. मिलिमीटरमधील आकडा दृश्याचा आवाका सांगतो, तर ‘एफ’ पुढचा आकडा प्रकाशासाठी किती मोठे छिद्र उघडते ते सांगतो. हा दुसरा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८–५५ मिलिमीटरची किट लेन्स झूम केल्यावर बहुधा एफ/५.६ पर्यंत आक्रसते. तिच्याऐवजी एफ/१.८ ची लेन्स लावली, तर सेन्सरवर सुमारे दहापट प्रकाश पडतो. दिव्यांच्या उजेडात आरती करणाऱ्या आजीचे छायाचित्र हलले की स्पष्ट आले, याचा निर्णय बॉडीच्या किमतीपेक्षा या दहापटीवर अधिक अवलंबून असतो. ५० मिलिमीटर एफ/१.८ ही जवळजवळ प्रत्येक मोठ्या कंपनीच्या यादीतील सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक आहे. एपीएस-सी कॅमेऱ्यावर तिचा आवाका ७५ ते ८० मिलिमीटरसारखा अरुंद होतो; व्यक्तिचित्रांना तो उत्तम, पण छोट्या खोलीत भिंतीला पाठ टेकवायला लावणारा. घरातल्या वापरासाठी त्यापेक्षा ३५ मिलिमीटरची लेन्स बरी. हात थरथरण्याने येणारा धूसरपणा लेन्समधील वा सेन्सरमधील स्थिरीकरणाने जातो. धावणाऱ्या मुलाच्या हालचालीवर त्याचा काहीच इलाज नसतो. तेथे प्रकाशच हवा.

वन्यजीवांचे छायाचित्रण हा या छंदातला सर्वांत खर्चिक रस्ता. ६०० मिलिमीटर एफ/४ लेन्सची किंमत दहा लाख रुपयांच्या पुढे जाते. कॅननने २०२० मध्ये आणलेल्या आरएफ ६०० मिलिमीटर एफ/११ लेन्सचे वजन एक किलोपेक्षाही कमी असून तिची किंमत या रकमेचा लहानसा अंश आहे. मात्र तिच्यातून जवळजवळ एक अष्टमांशच प्रकाश आत येतो आणि तिचे छिद्र कमी-जास्त करता येत नाही. भरतपूरच्या उन्हात ती चालून जाते. ताडोबाच्या सकाळच्या सफारीत, सूर्य नुकताच वर येत असताना झाडीत उभ्या असलेल्या वाघासाठी ती तोकडी पडते. सिग्मा आणि टॅमरॉन यांच्या १५०–६०० मिलिमीटर लेन्स हा या दोन टोकांमधला बहुसंख्य भारतीय हौशी मंडळींनी स्वीकारलेला मार्ग आहे. वर्षातून दोनदाच जंगलात जाणाऱ्याने तीही विकत न घेता भाड्याने घ्यावी. मोठ्या शहरांत ओळखपत्र आणि अनामत रकमेवर दिवसाच्या हिशेबाने लेन्स मिळतात. खरेदीपूर्वी दोन दिवस लेन्स हाताळून पाहण्याचाही हाच स्वस्त उपाय होय.

वापरलेली उपकरणे घेण्यात कमीपणा नाही. सावधगिरी मात्र हवी. मुंबईत फोर्ट भागातील बोरा बाजार, दिल्लीत चांदनी चौकातील कूचा चौधरी आणि कोलकात्यात मेट्रो गल्ली ही कॅमेऱ्यांच्या खरेदी-विक्रीची आणि दुरुस्तीची जुनी ठिकाणे आहेत. समोर बसून तपासणी करता येणे हा अशा बाजारांचा फायदा. बॉडी पाहताना लेन्सवर झाकण ठेवून काही सेकंदांचे छायाचित्र घेतल्यास मृत वा जळके बिंदू रंगीत ठिपक्यांसारखे दिसतात. छिद्र एफ/१६ इतके लहान करून पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र घेतल्यास सेन्सरवरील धूळ आणि ओरखडे उघड होतात. शटर किती वेळा उघडले ही संख्या निकॉनच्या छायाचित्रांच्या फाइलमध्येच नोंदलेली असते. कॅननच्या अनेक कॅमेऱ्यांत ती इतक्या सहज मिळत नाही. व्यावसायिक कॅमेऱ्यांची शटर चार ते पाच लाख वेळा चालतील अशा मापाने बनवलेली असतात, प्राथमिक कॅमेऱ्यांची त्याहून बरीच कमी. लग्नसराईत एका हंगामात कित्येक हजार छायाचित्रे निघतात, हे लक्षात घेता व्यावसायिकाने विकायला काढलेला चकचकीत कॅमेरा आतून थकलेला असू शकतो. मूळ बिल आणि त्यावरील अनुक्रमांक बॉडीवरील अनुक्रमांकाशी जुळवून पाहणे अत्यावश्यक आहे. तो जुळत नसेल, तर वस्तू चोरीची असण्याचा धोका पत्करू नये.

लेन्सची तपासणी विजेरीने करावी. मागच्या बाजूने प्रकाश टाकून पुढून तिरके पाहिल्यास कोळ्याच्या जाळ्यासारख्या पांढुरक्या रेषा दिसतात, ती बुरशी. थोडी धूळ सर्वच जुन्या लेन्समध्ये असते आणि तिचा छायाचित्रावर परिणाम होत नाही. बुरशी मात्र काचेवरील लेप खाते आणि साफ केल्यावरही तिचे व्रण राहू शकतात.

हा बुरशीचा प्रश्न युरोप-अमेरिकेतील मार्गदर्शकांमध्ये ओझरता येतो. कोकण, गोवा, केरळ, बंगाल आणि ईशान्य भारतात तो खर्चाच्या पहिल्या ओळीतच लिहायला हवा. पावसाळ्याचे चार महिने चामड्याच्या बंद पिशवीत ठेवलेली लेन्स गणपतीत बाहेर काढावी आणि तिच्यात जाळे दिसावे, हा या पट्ट्यातला नित्याचा अनुभव आहे. सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राखणे हा उपाय. वीजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट हे काम आपोआप करते. ते परवडत नसेल, तर हवाबंद झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे लहानसे यंत्र एवढ्यानेही भागते. निळे सिलिका जेल ओलावा शोषून गुलाबी होते. तापवल्यावर ते पुन्हा वापरता येते. हवा अतिकोरडी करणेही हितावह नाही, कारण त्याने वंगण आणि रबर यांना अपाय होतो. वातानुकूलित गाडीतून दमट हवेत एकदम बाहेर काढलेल्या लेन्सवर दव साचते. ती बंद पिशवीतच राहू द्यावी आणि बाहेरच्या तापमानाला आल्यावर उघडावी.

एकूण अंदाजपत्रकातील वाटणी येथेच बिघडते. एक लाख रुपये बाजूला काढलेला ग्राहक ९५ हजारांची बॉडी आणि किट लेन्स घेतो आणि उरलेल्या पाच हजारांत कार्ड, बॅटरी, पिशवी, ट्रायपॉड बसवू पाहतो. त्याऐवजी ६० ते ६५ हजारांत कॅमेरा आणि किट लेन्स, १५ ते २० हजारांत मोठ्या छिद्राची एक लेन्स आणि बाकी रक्कम साहित्यासाठी ही वाटणी अधिक फलदायी ठरते. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची कच्ची, म्हणजे ‘रॉ’ स्वरूपातील फाइल २५ ते ३० एमबीची असते. ६४ जीबीच्या कार्डावर सुमारे दोन हजार छायाचित्रे मावतात. एका मोठ्या कार्डापेक्षा दोन मध्यम कार्डे बरी. नामांकित कंपनीच्या नावाची बनावट कार्डे सर्रास विकली जात असल्याने ती अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावीत. तीच गोष्ट बॅटरीची. रॉ फाइलवर संस्कार करण्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागतेच असे नाही. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही विनामूल्य उपलब्ध आहेत. ट्रायपॉड हलका आणि डगमगणारा घेण्यापेक्षा न घेतलेला बरा.

प्रत्यक्ष खरेदीच्या वेळी किमतीतील तफावत ग्राहकाला गोंधळात टाकते. डिजिटल कॅमेऱ्यांवरील वस्तू व सेवा कर १ जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. एखादा दुकानदार इतरांपेक्षा त्याच प्रमाणात स्वस्त भाव सांगत असेल आणि पक्के बिल देण्यास कां-कूं करीत असेल, तर तो माल बहुधा कंपनीच्या अधिकृत मार्गाने आलेला नसतो. ओळखण्याची सोपी खूण खोक्यावर असते. आयात केलेल्या वेष्टित मालावर आयातदाराचे नाव व पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापणे वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. ते लेबल नसेल, तर कंपनीची भारतातील वॉरंटी मिळण्याची आशा धरू नये. दुकानदाराची स्वतःची वॉरंटी आणि कंपनीची वॉरंटी यांतला फरक बिल फाडण्यापूर्वी विचारून घ्यावा.

सणासुदीच्या दिवसांत ‘विनाव्याज हप्त्यां’च्या जाहिरातींना उधाण येते. शून्य टक्के व्याज अशी कल्पनाच अस्तित्वात नसल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. आजच्या योजनांत व्याजाइतकी रक्कम सवलत म्हणून आधी वजा केली जाते आणि मग व्याज आकारले जाते. त्या व्याजावरील १८ टक्के कर आणि प्रक्रिया शुल्क ग्राहकाच्याच माथी येते. रोख रकमेवर मिळणारी सूट हप्त्यांवर मिळत नसेल, तर तीही त्या योजनेची किंमतच समजावी. सदोष माल किंवा नाकारलेली वॉरंटी यांबाबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते; त्यासाठीही पक्के बिल हाती असणे सोयीचे.

परदेशातील नातलगाकडून कॅमेरा मागवण्याची प्रथा जुनी आहे. २०१६ च्या बॅगेज नियमांनी बहुतेक देशांतून परतणाऱ्या प्रवाशाला ५० हजार रुपयांपर्यंतच्या वस्तूंवर शुल्कमाफी ठरवली होती; अशा मर्यादा बदलत असल्याने प्रवासाच्या वेळी लागू असलेली रक्कम सीमाशुल्क विभागाकडून पाहून घ्यावी. शुल्क आणि भारतात न चालणारी वॉरंटी हिशेबात धरल्यास अनेकदा बचत नाममात्र उरते. आपलाच महागडा कॅमेरा घेऊन परदेशी जाणाऱ्यांसाठी वेगळी खबरदारी आहे. निघताना विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून त्याचे निर्यात प्रमाणपत्र घेतले, तर परतताना तो नवा खरेदी केल्याचा संशय येऊन शुल्क भरण्याचा प्रसंग टळतो. प्रमाणपत्रासाठी वस्तू दाखवावी लागत असल्याने कॅमेरा हातातल्या सामानात ठेवावा. सुट्या लिथियम बॅटऱ्या तर नियमानेच तेथे ठेवाव्या लागतात. विमानाच्या मालकक्षात जाणाऱ्या बॅगेत त्यांना परवानगी नाही.